पुढच्या खोलीतलं इजिप्त

ऊन तापायला लागलं की मला माझ्या बहिणीचा राग येतो.

शाळेत डबा खाताना बायका उन्हाळ्याच्या आठवणी काढतात. कोणी मामाच्या गावची आमराई सांगते, कोणी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, कोणी अंगणातली बाजेवरची झोप. मी भाकरीचा तुकडा मोडत राहते. अमरावतीत होळी पेटून विझली की हवेतला ओलावा कोणीतरी पिळून काढल्यासारखा नाहीसा होतो. रस्त्यावरची माणसं तोंडाला दुपट्टे गुंडाळून फक्त डोळ्यांपुरती उरतात. दुपारी कावळासुद्धा बोलत नाही. मग एक दिवस माळ्यावरून कूलर खाली येतो, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात आणि पहिलं पाणी सोडलं की घरभर गोड, ओला वास पसरतो. त्या वासानं लोकांचा जीव थंड होतो. मला त्या वासाच्या मागून टर्पेंटाइनचा वास येतो. घरात टर्पेंटाइनचा थेंब नसतो, तरी येतो.

तो वास ताईनं आणला होता.

सुलभाताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. चित्रकलेचं शिकायला म्हणून ती या घरातून गेली आणि पुढे कधी धड परत आलीच नाही. काही वर्षं अकोल्याला एका शाळेत ड्रॉइंग शिकवलं. मग नोकरी सोडली, दोन खोल्या मात्र तिथेच ठेवल्या आणि फिरायला लागली. जुन्या इमारती काढायची. किल्ले, लेणी, पडकी देवळं. नंतर कोणाच्या तरी सोबतीनं इजिप्तला गेली आणि तिथलीच झाली. दर थंडीत जायची. तिथल्या नदीकाठी छत्री रोवून बसायची आणि हजारो वर्षांपूर्वीच्या राजांची देवळं, थडगी, पुतळे कागदावर उतरवायची. उन्हाळ्यात कुठल्यातरी थंड गावी जाऊन त्यांची मोठी चित्रं करायची. आमच्याकडे तिची पत्रं यायची, पुढे फोन यायचे, त्याही पुढे फोनवर फोटो. वाळूच्या रंगाचे फोटो. मी ते आईला दाखवायची. आई म्हणायची, "हे कुठं हाये ते मले नोको सांगू. थे येऊन कवा राह्यली, ते सांग."

आई चांदूर बाजारकडची. काळ्या मातीत वाढलेली, सहा फुटी भावांची बहीण. बाबा कोर्टात कारकून होते, त्यांच्याशी लग्न करून ती अमरावतीत आली आणि इथलं सगळं तिला शेवटपर्यंत अपुरं वाटलं. अंगण अपुरं, पाणी अपुरं, आम्ही दोघी तर फारच अपुऱ्या. बाबा गेल्यानंतर ती न्हाणीत घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय परत आले नाहीत. पलंग आणि चाकांची खुर्ची एवढंच तिचं राज्य उरलं. डोकं मात्र शाबूत, आणि जीभ डोक्याहून शाबूत. मी शाळेत गणित शिकवते. सकाळी तिचं सगळं आवरून, शेजारच्या शोभाकाकूंवर सोपवून शाळेत जायचं, दुपारी धावत परत यायचं, असं माझं वर्षानुवर्षं चाललं होतं. लग्न मी केलं नाही. ते आईमुळे, असं लोक म्हणतात. मी त्यांना म्हणू देते.

त्या वर्षी माझ्या पोटात गाठी निघाल्या. अंगावरून इतकं जायचं की फळ्यासमोर उभं राहताना टेबलाला धरावं लागायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल आणि आता पुढे ढकलू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत करायचं ठरलं. मी ताईला फोन केला. आयुष्यात मी तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"मी येते," ती म्हणाली. "तू अजिबात काळजी करू नकोस. आईचं सगळं मी बघते."

ताई आता 'मला' म्हणते, 'काळजी करू नकोस' म्हणते. आमच्या घरात 'मले' म्हणतात. मी शिक्षिका असूनसुद्धा घरात 'मले'च म्हणते.

ती आली ती टेम्पो घेऊन. टेम्पोतून गुंडाळलेले कॅनव्हास निघाले, लाकडी चौकटी निघाल्या, रंगांचे डबे, बाटल्या, कागदांचे मोठे गठ्ठे निघाले. शेवटी तिची स्वतःची एक छोटी पिशवी. "थोडं काम राहिलंय," ती म्हणाली, "आईजवळ बसून करीन." दुपारपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत इजिप्त उभं राहिलं. बाबांच्या फोटोच्या खाली, टीव्हीच्या पुढे, दाराला टेकून, जिथे जागा मिळेल तिथे ते राजे बसले. पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून, समोर बघत. कोणाच्याही घरात असं न विचारता येऊन बसायची त्यांना सवय असावी.

चित्रं काय होती ते सांगायला हवं. एका चित्रात नुसते खांब होते. इतके जाड आणि इतके उंच की त्यांच्यामधून वरचं आभाळ चिंचोळ्या पट्टीएवढं दिसायचं. खालच्या सावलीत एक माणूस झाडू मारत होता, तो माझ्या नखाएवढा. एकात उभ्या कड्याच्या पायथ्याशी एका राणीचं देऊळ होतं, पायऱ्यापायऱ्यांचं, कड्यातूनच उगवल्यासारखं. एकात डोंगर कोरून बसवलेले चार राजे, त्यातला एक कमरेपासून तुटलेला, त्याचं डोकं त्याच्याच पायाशी पडलेलं. आणि सगळ्यात मोठ्या चित्रात हिरव्या शेताच्या कडेला दोन प्रचंड पुतळे. चेहरे झडून गेलेले, तरी बसलेले. उन्हात.

ते ऊन तिनं बरोबर पकडलं होतं. तेव्हा मी हे कबूल केलं नसतं.

पहिल्या संध्याकाळी ताईनं आईची खुर्ची ढकलत पुढच्या खोलीत आणली. आई बराच वेळ एकेका चित्राकडे बघत राहिली. तुटक्या राजापाशी थांबली.

"याचं मुंडकं पायापाशी कसं पडलं?"

"भूकंप झाला होता म्हणतात," ताई उत्साहानं म्हणाली. "हजारो वर्षांपासून ते तसंच पडून आहे. कोणी परत वर बसवलं नाही."

"त्याच्या पोरी फिरतीवर असतीन," आई म्हणाली.

मी स्वयंपाकघरात होते. कणीक मळताना मला हसू आलं आणि पोटात कळ गेली. ताईही हसली. तिला टोचलेलं दिसलं नाही. तिला काहीच टोचत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आईला सांगत होती की हे चार राजांचं देऊळ मुळात होतं तिथे नाहीच. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा लोकांनी सगळा डोंगर कापला, तुकडे तुकडे केले आणि वर उंचावर नेऊन पुन्हा जोडला. जगभरातून माणसं आली होती त्यासाठी. सांगताना तिचा चेहरा उजळला होता. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं देऊळ हलोलं लोकायनं. मले संडासात न्यायले कोनी नाई. उषे, ये वं!"

मी गेले. ताई ब्रश धुवायला गेली.

असं चालायचं. आईला उठवणं मी, अंघोळ घालणं मी, कुशीवर वळवणं मी. ताई म्हणायची, "मला दाखवून ठेव ना, तू दवाखान्यात गेल्यावर मी करणारच आहे." मी दाखवायची. ती बघायची, खरंच नीट बघायची. एक डोळा किंचित मिटून, मान कलती करून. तिचं बघणं असंच. हात लावायची वेळ आली की तिच्या बोटांना रंग लागलेला असायचा.

मग कूलरचं सुरू झालं. आईच्या खोलीतला कूलर ओली हवा फेकायचा आणि त्या हवेनं ताईचे कागद फुगायचे. जलरंगाचे मोठे कागद तिनं पाटांवर ताणून बसवले होते. त्यांना लाटा यायला लागल्या. तिनं मधलं दार लावून घेतलं. मग माझ्याकडे स्वयंपाकघरात वारा येईना. मी दार उघडायची, ती लावायची. त्यावरून आम्ही एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही. नुसतं दार बोलत राहिलं.

सोनोग्राफीसाठी मी एका दुपारी दवाखान्यात गेले होते. परत आले तर गल्लीत शिरतानाच लक्षात आलं, कूलरचा आवाज येत नाही. मला वाटलं लाईट गेली. आत आले तर पुढच्या खोलीत पंखा फिरत होता आणि ताई वाकून कागदावर बारीक रेघा ओढत होती. आईच्या खोलीत आई घामानं भिजून पडली होती. चेहरा लाल, ओठांवर पांढरी साय. मला बघून काही बोलली नाही. आई बोलली नाही म्हणूनच मी घाबरले.

मी कूलर लावला. पंचा ओला करून तिच्या अंगावरून फिरवला. कांदा किसून तळपायांना चोळला, पन्हं पाजलं. तिचा चेहरा थोडा निवल्यावर पुढच्या खोलीत गेले.

"कूलर कोणी बंद केला?"

"मीच. थोडा वेळच. हा एवढा भाग वाळू द्यायचा होता." तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "आई झोपली होती गं. आणि इजिप्तमध्ये याहून जास्त ऊन असतं."

"तिथं मेलेले राह्यतात," मी म्हटलं. "इथं आई राह्यते."

तेव्हा तिनं ब्रश खाली ठेवला. काहीतरी बोलणार होती. नंतर कागदाकडे बघितलं, रंग वाळत चालला होता, आणि तिनं ब्रश पुन्हा उचलला.

त्या दिवसापासून मी तिच्या प्रेमाबद्दल विचार करत आले आहे. तिचं प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. त्या खांबांवर, त्या झडलेल्या चेहऱ्यांवर तिनं जी माया केली ती खोटी नव्हती. खोट्या मायेनं तसं चित्र निघत नाही. पण दगडाला तहान लागत नाही. दगड कूस बदलून द्या म्हणत नाही. सहा महिन्यांनी परत या, तो तिथेच असतो, आणि तुम्ही इतके दिवस कुठे होतात असं विचारत नाही. असल्या गोष्टींवर जीव लावणं किती सोपं असेल, हे मला घरात बसून कळत होतं. तिला वाळवंटात बसून कधी कळलं नाही.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी ती मला म्हणाली, "उषा, एक जरा अडचण झाली आहे."

अडचण अशी की अकोल्यात तिच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, आणि त्याचं उद्घाटन नेमकं माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. हे तिला आजच कळलं होतं का? नाही. इथे येण्याच्या आधीपासून माहीत होतं. टेम्पो त्यासाठीच होता. माझं पोट आणि तिचं प्रदर्शन एकाच फेरीत उरकणार होतं.

"मी आईला सोबत नेते," ती म्हणाली. "एसी गाडी सांगितली आहे. दोन तासांचा तर रस्ता. तिलाही बाहेर पडल्यासारखं होईल."

"नाही."

"अगं पण..."

"ताई, या उन्हात आई घराच्या बाहेर निघणार नाही. तू जा. शोभाकाकूले सांग, त्या दिवसभर बसतीन."

"बरं बाई," ती म्हणाली. "शोभाकाकूंना सांगते."

मी दाखल झाले. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा, गुंगी उतरून टाके ठणकायला लागले होते, तेव्हा शोभाकाकू हातात डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी विचारलं, "तुमी इथं? मंग आईपाशी कोन हाये?"

शोभाकाकूंचा चेहरा उतरला. "अवो, तुमच्या ताई तं सकाळीच आईले घेऊन गेल्या ना अकोल्याले. मले म्हणे, उषाले विचारलं हाये. मी म्हटलं तुमालेच डबा द्यावा."

मला उठता येत नव्हतं. एका हाताला सलाईन, खाली नळी. मी ताईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. खिडकीच्या काचेवर कोणीतरी वर्तमानपत्र चिकटवलं होतं, त्यातून ऊन पिवळं होऊन येत होतं, आणि मी त्या पिवळ्या उजेडात पडून फोन लावत होते. इतका निव्वळ राग मला त्याआधी कधी आला नव्हता, त्यानंतरही नाही. त्यात भीतीसुद्धा नव्हती. भीती नंतर आली.

अकोल्यात काय झालं ते मला आमच्या मावसभावानं, दिलीपनं सांगितलं. तो तिथे वकिली करतो आणि उद्घाटनाला गेला होता. हॉल भरलेला होता. वकील, डॉक्टर, कॉलेजचे लोक, वर्तमानपत्रवाले. भिंतींवर ताईचे राजे ओळीनं बसलेले. समोर पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत आई, चांगलं लुगडं नेसवलेली, मांडीवर गुच्छ. ताई बोलायला उभी राहिली आणि म्हणाली की मी आज जी काही आहे ती माझ्या आईमुळे. जग बघायला मला तिनं शिकवलं. टाळ्या झाल्या. ताई खाली उतरली, माईक आईच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाली, "आई, दोन शब्द बोल."

आईनं माईक तिच्या हातातून काढून घेतला.

"सगळ्याईले नमस्कार," ती म्हणाली. "माह्या धाकट्या पोरीचं काल पोट चिरलं. थे अमरावतीले दवाखान्यात एकटी पडून हाये. तिच्यापाशी कोनी नाई, हे मले आज इथं आल्यावर समजलं. हे मोठी मले म्हणे, उषीनंच पाठोलं तुले. मेलेल्याईचे वाडे मी पाह्यले आता. मले माह्या जित्या पोरीपाशी न्या."

दिलीप म्हणाला, पहिल्यांदा काही लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करते आहे. मग कोणीच हसेना. ताई आईच्या खांद्यावर हात ठेवून "हो आई, जाऊ ना, जरा वेळानं" असं काहीसं म्हणत होती आणि आई माईकमध्ये पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होती. न्या मले. न्या मले. माईक काढून घ्यायची कोणाची हिंमत होईना. शेवटी दिलीपनंच खुर्ची फिरवली आणि बाहेर आणली. ताईला स्वतःचं उद्घाटन अर्धं टाकून मागे यावं लागलं.

भर दुपारी ते निघाले. मूर्तिजापूर यायच्या आतच आईची मान एका बाजूला कलली. गाडीत गारवा होता, पण आईनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. परक्या ठिकाणी संडासाला कोण नेणार, म्हणून प्यायलीच नव्हती. घरी मला ते माहीत होतं. बाहेर निघायचं म्हटलं की आई पाणी सोडते, तिला जबरदस्तीनं पाजावं लागतं. ताईला हे माहीत नव्हतं. कसं असणार?

आईला आणलं ते माझ्याच दवाखान्यात. मी वरच्या मजल्यावर, ती खालच्या. तिला सलाईन लागलं. ऊन लागलं होतं आणि वय झालं होतं, डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. नर्स वर येऊन सांगायची, "आजी आहेत अजून." ते 'अजून' ऐकत मी तीन दिवस पडून होते. ताई एकदाही वर आली नाही. ती खाली आईजवळ स्टुलावर बसून होती. एवढं मला सांगितलं पाहिजे. तिनं जागा सोडली नाही.

आई वाचली. कशी ते डॉक्टरांनाही कळलं नाही. मला वाटतं तिचं बोलणं अर्धं राहिलं होतं म्हणून.

मला चालायला परवानगी मिळाली त्या सकाळी मी भिंत धरत, पोटावर हात दाबून खाली गेले. आई डोळे मिटून पडली होती. ताई चहा आणायला गेली होती. स्टुलावर तिची वही होती, उघडी. वहीत आईचं चित्र होतं. पेन्सिलचं. उशीत रुतलेलं डोकं, अर्धवट उघडं तोंड, गळ्यावरची शीर, हातात खुपसलेली सुई. एक रेघ जास्त नव्हती. आई मरते की काय असं सगळ्यांना वाटत होतं तेव्हा तिनं ते काढलं होतं. आणि त्या चित्रात आई मला कधी दिसली नव्हती इतकी देखणी दिसत होती. त्या तुटक्या राजासारखी.

मी ते पान काढलं आणि फाडलं. बारीक बारीक तुकडे केले. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

ताई दारात उभी होती. हातात दोन चहा. तुकड्यांकडे बघत तिनं चहा हळूच खिडकीत ठेवले. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. तिचं सगळं शिकलेलं मराठी गळून पडलं.

"तुले कोनं थांबोलं होतं वं?" ती म्हणाली. "बाबा गेले तवा मी म्हटलं होतं ना, घर इकू, आईले सहा महिने माह्यापाशी, सहा महिने तुह्यापाशी. तूच म्हटलं, मी समर्थ हाये. तुले चांगली पोरगी व्हायचं होतं. झाली ना? सगळं गाव तुले चांगलं म्हणते ना? मंग आता मले काहून फाडून राह्यली?"

"चित्रं घे अन् जाय," मी म्हटलं.

"बाहेर जाऊन भांडा," पलंगावरून आईचा आवाज आला. डोळे मिटलेलेच. "मी आजारी हाये."

ताईचं ते बोलणं खरं होतं का? बाबा गेल्यावर ती असं काहीतरी म्हणाली होती, इतकं मला आठवतं. पण म्हणाली तेव्हा तिची बॅग भरलेली होती आणि रिक्षा दाराशी उभी होती. रिक्षात एक पाय ठेवून माणूस जे बोलतो त्याला मी बोलणं धरत नाही. तरी ते वाक्य माझ्यात राहिलं आहे. चांगली पोरगी व्हायचं होतं. वर्गात फळा पुसतानासुद्धा कधीकधी ते ऐकू येतं आणि मी मुलींवर उगाच ओरडते.

ती गेली. प्रदर्शनाचं पुढे काय झालं मी विचारलं नाही. शेताकडेच्या दोन पुतळ्यांचं मोठं चित्र मात्र अकोल्याला गेलंच नव्हतं. वाळलं नव्हतं म्हणून ते पुढच्या खोलीतच राहिलं होतं. मी घरी आल्यावर ते बाहेर काढायला निघाले, तर आई म्हणाली, "राहू दे. कुठं जातीन ते." पुढची तीन वर्षं आई रोज सकाळी चहा पिताना त्या दोघांसमोर बसायची आणि त्यांना बोल लावायची. "बसले का रे? काम ना धंदा." "शेत कोनाचं अन् बसले कोन." "जरा उठून पाय मोकळे करा, मले तं उठता येत नाई, तुमाले काय झालं?" मला इतक्या प्रेमानं ती कधी रागावली नाही.

त्यांच्यासमोरच एका सकाळी ती गेली. कपातला चहा संपलेला होता. ताईला कळवलं. ती तेव्हा इजिप्तलाच होती. तेरवीला पोचली, शेवटच्या पंगतीला बसली आणि संध्याकाळी अकोल्याला निघून गेली. आम्ही एकमेकींशी पाण्याच्या तांब्यापुरतं बोललो.

ते चित्र अजून भिंतीवर आहे. घरी येणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोर थांबतो. खरं सांगायचं तर मीसुद्धा थांबते. त्यातल्या उन्हाला हात लावावासा वाटतो. त्या झडलेल्या चेहऱ्यांवर काहीच उरलेलं नाही, तरी ते कोणाची तरी वाट बघत आहेत असं वाटतं. आणि हे तिनं कसं केलं ते मला जवळ जाऊन, चष्मा लावून बघूनही सापडत नाही. चित्र वाईट असतं तर मी ताईला केव्हाच माफ केलं असतं. एका सुमार चित्रकारणीनं आपली माणसं टाकून दिली, वेडी होती बिचारी, असं म्हणून मोकळी झाले असते. पण ती बिचारी नाही. तिनं जे घेतलं त्याची किंमत आम्ही भरली, आणि तिनं जे केलं ते खरोखर चांगलं आहे. या दोन गोष्टी एकाच भिंतीवर मला कुठे टांगाव्या ते कळत नाही.

या वर्षी होळीच्या सुमाराला तिचा फोन आला. गुडघे पूर्ण गेले आहेत. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. अकोल्याच्या खोल्या दुसऱ्या मजल्यावर आहेत, जिना उतरता येत नाही. दिलीपची बायको डबा पोचवते. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी तिकडे येऊ का राहायला?" तिचा आवाज आईसारखा झाला आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी विचार करून सांगते म्हटलं आणि खरंच विचार केला. शोभाकाकू म्हणाल्या, बोलवा, रक्ताचं नातं आहे. शाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या, अजिबात नको, पुन्हा तुझ्याच गळ्यात. मी निवृत्तीला आले आहे. माझं पोट अजून पावसाळ्यात ओढतं. एखाद्या वर्षी मी कुठेतरी जाईन, नुसती जाऊन बसेन, असं माझ्या मनात होतं.

आता अक्षय तृतीया होऊन गेली. ती आलेली नाही, आणि येईल असं मला वाटत नाही. मी तिला फोन केला होता. म्हटलं, "ये. आईची खोली रिकामी हाये. मी करीन तुह्यं सगळं. पण एक हाये. चित्रं आणू नको. एकही नाही. रंगही नाही."

ती म्हणाली, "मंग तू बोलावून कोनाले राह्यली?"

"माह्या बहिणीले," मी म्हटलं.

"थे तं चित्रं काढते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.